पोच

काळ्या घोड्याच्या सिग्नलला कंपनीची बस थांबली आणि प्रतापसिंहराव पुढच्या सीटवरून उठून मागे तोंड करून उभे राहिले. ते पर्सोनेल ऑफिसर. एरवी स्कूटरने नंदेसरीला कारखान्यात जायचे, त्या दिवशी स्कूटर गॅरेजमध्ये होती म्हणून बसमध्ये आले होते. वरची दांडी धरून त्यांनी सांगितलं, यंदाच्या उत्तम सूचनेचं बक्षीस आपल्या लॅबच्या निरुपमाबेनना मिळालं आहे, शनिवारी वार्षिक समारंभात साहेबांच्या हस्ते स्टेजवर देतील, नोटीस दुपारी बोर्डावर लागेल, पण आपल्या बसला आधी कळायला पाहिजे. हे सगळं गुजरातीत. मग चौथ्या रांगेतल्या तिच्याकडे बघून मुद्दाम मराठीत म्हणाले, "अभिनंदन बरं का, ताई." चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सीटवरचे दोघे अर्धवट उठून वळले, मागून कोणीतरी "पार्टी, पार्टी" म्हणालं. निरुपमाला सगळं स्वच्छ ऐकू आलं. आपण आता हसायला हवं हेही कळलं, आणि तिने ओठ हलवलेही असावेत, पण चेहऱ्यावर नेमकं काय उमटलं याची तिला कल्पना नव्हती. कान तापले. मांडीवरच्या पर्सचा पट्टा तिने बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आत कुठे आनंद झाला आहे का हे तिने चाचपून पाहिलं, तर तिथे नुसती धडधड होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका चुकलेल्या रिपोर्टाबद्दल केबिनमध्ये बोलावणं आलं होतं तेव्हा झाली होती अगदी तशीच.

शेजारी नयना होती. नयना तिच्याच लॅबमधली असिस्टंट, नऊ वर्षं दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काम करत होत्या. गुजराती, पण दांडिया बाजारात मराठी बिऱ्हाडांमध्ये वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी तिचं स्वतःचं असं होतं. लग्नानंतर ती प्रतापनगरला राहायला गेली. बस तिथूनच सुटायची आणि ती रोज निरुपमासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची. तिने कोपराने ढोसलं. "मी टाकला तो कागद," ती हळूच म्हणाली. "सूचनापेटीत. तुझ्या नावाने. तू तर काय जन्मात टाकला नसता ने." निरुपमाने वळून तिच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. स्वतःचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण तो समोर काय करतो आहे ते नयनाच्या चेहऱ्यावर दिसलं. नयनाचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. "राग आला?" तिने विचारलं. निरुपमाला नाही म्हणायचं होतं. बस सुटली होती, टाळ्या थांबल्या होत्या, पण काही माना अजून वळलेल्याच होत्या आणि त्यांच्यासमोर शब्द तोंडाबाहेर काढणं म्हणजे भरल्या ताटावरून उडी मारण्यासारखं वाटत होतं. फतेहगंजला बस माणसं घ्यायला थांबली तेव्हा ती उठली, "घरी विसरले काहीतरी," असं कोणालाच न उद्देशून म्हणाली, आणि नयनाच्या गुडघ्यांवरून वाट काढत खाली उतरली. मागे वळून पाहिलं नाही.

बस छाणीकडे निघून गेली. डिसेंबरची सकाळ होती, चर्चच्या भिंतीशी चहाच्या लारीभोवती मफलर गुंडाळलेली माणसं उभी होती, आणि त्यातलं कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं. श्वास पोटापर्यंत जाऊ लागला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत न सांगता दांडी अशी तिने कधी मारली नव्हती. आता करायचं काय हे ठाऊक नसल्यामुळे ती उलट्या दिशेने, शहराकडे, चालू लागली आणि चालताना तिला त्या कागदाचा विचार आला. नयनाने त्यावर काय लिहिलं असेल? जर्मनीला माल जाऊ लागल्यापासून कारखान्यात पावडरीच्या रंगाला फार महत्त्व आलं होतं. आयएसओ सर्टिफिकेट आलं, भिंतींवर घोषवाक्यं आली, कँटीनच्या दारात सूचनापेटी आली. आणि मधूनच एखादा लॉट पांढऱ्याऐवजी तांबूस उतरायचा. प्रॉडक्शनवाले म्हणायचे कच्चा माल खराब, स्टोअरवाले म्हणायचे तुमचं तापमान चुकतं. निरुपमाने चार महिन्यांचे रिपोर्ट काढून एका बाजूला ठेवले, तेव्हा दिसलं की तांबूस माल प्रत्येक वेळी सोमवारचा आहे. रविवारी कारखाना बंद. पावडर धुण्याचं पाणी पाइपात दिवसभर पडून राहतं. एका सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन तिने त्या नळाचं पहिलं पाणी बाटलीत भरून आणलं, परीक्षानळीत घेतलं, थायोसायनेटचे दोन थेंब सोडले, आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. लोखंड. गंज. इतकंच.

नयना त्या वेळी कँटीनला गेली होती. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. ती परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून निरुपमा एकटी हसत उभी राहिली होती, गाल दुखेपर्यंत. मग खुर्चीवर बसली, पुन्हा उठली, नळी पुन्हा उजेडात धरली. हातापायांत काहीतरी हलकं हलकं भरलं होतं. बाहेर कूलिंग टॉवरची वाफ सरळ वर जात होती आणि तीही सुंदर दिसत होती. दारात नयनाच्या चपला वाजल्या तेव्हा तिने नळी स्टँडमध्ये ठेवली, ओढणीने तोंड पुसलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "लोखंड आहे. सोमवारी सुरू करायच्या आधी दहा मिनिटं पाणी सोडून द्यायला सांग त्यांना." नयनाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं. म्हणजे तिने काहीतरी पाहिलं असणार, पुसल्यावर उरलेलं. आणि तो कागद लिहायला तिला तेवढं पुरलं असणार. आज तेच लोखंड, तेच पाणी, फक्त चाळीस माणसांच्या साक्षीने परत आलं, तर त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नाही. उलट जिने ते आणून दिलं तिच्याकडे तिने असं पाहिलं, की तिला विचारावं लागलं, राग आला?

विद्यापीठाच्या कुंपणाच्या कडेने ती चालत राहिली. या रस्त्याने ती सहसा येत नसे. बावीस वर्षांपूर्वीच्या अशाच थंडीत ती वडिलांबरोबर इथून चालत गेली होती. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आली होती आणि पदवीदान होतं. वडील श्रीपतराव, कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. त्यांचे वडील संस्थानच्या दफ्तरखान्यात होते आणि तिथली शिस्त घरात उतरली होती. टपालाने काही आलं, मग ते लग्नाची पत्रिका असो की लोणच्याची बरणी, की त्याच दिवशी कार्डावर दोन ओळींची पोच जायची. "आवडलं न आवडलं हे नंतर," ते म्हणायचे, "पण पोचलं हे त्याला कळायला नको का?" त्या दिवशी ते काळा कोट घालून मंडपात दुसऱ्या रांगेत बसले. निरुपमा गाऊन घालून पदकवाल्यांच्या ओळीत उभी राहिली, पुढे सात जण उरले तेव्हा ओळ सोडून बाहेर पडली आणि गाऊन काखेत दुमडून कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेली. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या बरगड्यांखाली ती दोन तास उभी होती. बाहेर आली तेव्हा वडील फाटकापाशी उभे होते. ते म्हणाले, "ऊन लागलं असेल तुला." डिसेंबरात. त्यानंतर घरी त्यांनी हा विषय कधी काढला नाही. पदक पुढे ऑफिसातून आणलं. आणि आठ दिवसांनी, दुपारी भांडी घासताना, तो आनंद आला. इतका आला की तिने हातातली परात खाली ठेवली. पुढच्या खोलीत वडील पेपर वाचत होते, दहा पावलांवर. जाऊन काय सांगायचं? की मी पहिली आले, मला फार आनंद झाला, आज झाला? ती परात उचलून पुन्हा घासू लागली. वडील एक्याण्णव साली गेले. ती पोच राहून गेली.

विहंगचंही तसंच. तो तिच्याच वर्गातला, पुढे पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला. एका रविवारी त्याने विचारलं, लग्न करूया का, आणि विचारताना तो हसत होता, जणू उत्तर त्याला माहीतच होतं. रस्त्यावर होते दोघं, माणसं जात-येत होती. ती म्हणाली, "बघते." तो शब्द तिने कसा उच्चारला कोण जाणे, त्याचं हसू हळूहळू मावळलं, आज नयनाचं मावळलं तसंच. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना तिला हसू फुटलं, थांबेचना. आईने विचारलं काय झालं, ती म्हणाली काही नाही. पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, त्यात पंधरवडा गेला, आणि मग त्याच्या साखरपुड्याची बातमी आली. लोक म्हणायचे निरुपमा जरा कोरडीच आहे. ती ऐकायची. तिला ते खोटं आहे हे माहीत होतं, आणि खोटं आहे हे सिद्ध करायची वेळ दर वेळी निघून गेलेली असायची.

सायकॉलॉजी विभागाच्या फाटकाशी ती आली ती काही ठरवून नाही, पण आल्यावर आत गेली. सानवी, तिच्या भावाची मुलगी, तिथे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीत तिने आत्याला गळ घातली होती: प्रबंधासाठी प्रयोग चालू आहे, बत्तीस माणसं हवीत, पत्त्यांचा साधा खेळ आहे, ये ना. आत्याने पाच सबबी सांगितल्या होत्या. आज तिला पाहून सानवी व्हरांड्यातूनच धावत आली. "आत्या? ऑफिस नाही?"

"नाही गेले आज. तुझी बत्तीस माणसं झाली?"

"एकतीसवर अडलेय." कामावर का गेली नाहीस हे सानवीने विचारलं नाही. या मुलीची ही गोष्ट निरुपमाला नेहमी आवडायची.

खोलीत एक टेबल, त्यावर पत्त्यांचे दोन गठ्ठे, लाल पाठीचा आणि निळ्या पाठीचा. दर वेळी एकातला पत्ता उचलायचा; जिंकला तर सानवी पडद्यामागून घंटी वाजवेल, हरला तर लाकडी ठोकळा. एक गठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त वेळा जिंकून देतो. कुठला ते आपलं आपण ओळखायचं. तीस पत्ते. निरुपमा एकटी बसली. पहिल्या काही पत्त्यांनंतर तिला मजा वाटू लागली. घंटी वाजली की पोटात किंचित काहीतरी उडी मारायचं, आणि हात पुढच्या पत्त्याकडे जायचा. मग सानवीने गठ्ठे बदलले, हिरवा आणि पिवळा ठेवला, आणि दोन विद्यार्थी येऊन समोरच्या खुर्च्यांवर बसले. ते काही बोलणार नाहीत, नुसते बघतील आणि लिहितील, असं सानवीने सांगितलं. पुन्हा तीस पत्ते. त्यातल्या एकाने पेनचं टोपण काढलं.

विद्यार्थी गेल्यावर सानवी वही घेऊन समोर येऊन बसली. "हे खरं म्हणजे सांगायचं नसतं," ती म्हणाली, "पण तू शेवटचीच आहेस. पहिल्या खेपेला अकराव्या पत्त्यानंतर तू निळा गठ्ठा सोडलाच नाहीस. पटकन पकडलंस. दुसऱ्या खेपेला शेवटपर्यंत इकडून एक, तिकडून एक."

"दुसऱ्या खेपेला दोन्ही सारखेच होते ना? दोन्ही हरतच होते."

"नाही गं. हिरवा दहात सातदा जिंकत होता, निळ्यासारखाच. तुला काय वाटतं, किती वेळा जिंकलीस तू?"

निरुपमाने आठवून पाहिलं. "चार. फार तर पाच."

"सोळा."

सानवीने विचारलं, "हरलेले आठवतात?" ते तिला आठवत होते. दुसरा, तिसरा, सहावा, मग नववा आणि दहावा सलग, तेव्हा डावीकडच्या मुलाने काहीतरी लिहिलं होतं. ती सांगत गेली आणि सानवी वहीतल्या खुणांशी ताडून बघत गेली. "बापरे," ती हळूच म्हणाली. मग तिने समजावून सांगितलं, जरा अडखळत, कारण तिला स्वतःलाही ते पुरतं उमगलं नसावं. बक्षीस मिळालं की मेंदूत काहीतरी उमटतं, बाहेरच्या देशांत डोक्याला तारा लावून ते बघतात. ते उमटतं म्हणून माणूस शिकतो, पुन्हा तिकडे हात नेतो. पण काही माणसांचं असं होतं की समोर कोणी बसलं की सगळा मेंदू पहाऱ्यावर लागतो, कोण काय म्हणेल, कुठे चुकेल. मग बक्षीस दारापर्यंत येतं आणि परत जातं. "असं आपलं माझं म्हणणं," सानवी म्हणाली. "सिद्ध काही नाही. सर अर्धं खोडतील."

"परत जातं?" निरुपमाने विचारलं. "की थांबून राहतं?"

"म्हणजे?"

"काही नाही. समोर कोण बसलंय त्याने फरक पडतो का?"

सानवीने पेन गालाला लावलं. "मी सगळ्यांसमोर अनोळखीच बसवले. ओळखीचं माणूस बसवून बघायला हवं होतं, नाही?"

दुपार निरुपमाने बागेत एका बाकावर काढली. डबा उघडून तिथेच जेवली. सोळा आणि चार, हे दोन आकडे तिला पुन्हा पुन्हा आठवत होते. वडिलांचं उन्हाबद्दलचं वाक्य, विहंगचं हसू, आईने आणलेल्या साड्या, प्रत्येक समारंभातले चार बरे शब्द, सगळं घंटीसारखं वाजलं असणार आणि तिने त्यातला फार तर चौथा हिस्सा ऐकला असणार. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. वडिलांना आता सांगता येत नव्हतं. विहंगला सांगण्यात अर्थ नव्हता. नयना मात्र संध्याकाळी पावणेसहाला प्रतापनगरला बसमधून उतरणार होती.

ती रिक्षाने गेली आणि तरी सोसायटीच्या फाटकाशी अर्धा तास उभी राहिली. नयनाने दार उघडलं, "आव," म्हणाली आणि लगेच वळून स्वयंपाकघरात गेली. भाकरीचं पीठ मळून तयार होतं, स्टोव्हवर तवा होता. निरुपमा दाराशी स्टुलावर बसली. नयनाची पाठ तिच्याकडे होती.

"घरी काय विसरली होती?"

"काही नाही."

"मला माहीत." नयनाने भाकरी तव्यावर टाकली. "मी दिवसभर विचार केला. चूक माझीच आहे. तुला विचारायला पाहिजे होतं. मला वाटलं, एवढं शोधून काढलं, एकदा तरी नाव यावं बोर्डावर. उद्या मी प्रतापसिंहरावना सांगते, निरुबेनला नको आहे म्हणून."

"नको सांगूस."

"मग तू असं का बघितलं माझ्याकडे? जसं मी चोरी केली तुझी."

निरुपमाने भाकरी फुगताना पाहिली. पाठीशी बोलणं त्यामानाने सोपं होतं. "मला आनंद होतो, नयना," ती म्हणाली. "खरंच होतो. पण तेव्हा होत नाही. सगळे बघत असतात तेव्हा मला नुसती भीती वाटते, दुसऱ्या कशाला आत जागाच राहत नाही. आनंद मागाहून येतो. मी एकटी असते तेव्हा. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी. तोवर माणूस निघून गेलेलं असतं. तू तो मरून रंगाचा स्वेटर विणून दिलास ना, तीन वर्षांपूर्वी..."

"तो तर तू बघून परत पिशवीत ठेवून दिला."

"घरी जाऊन दुसऱ्या दिवशी घातला. दोन तास बसले होते घालून. उकडत होतं, तरी."

नयनाचा हात थांबला. "मला वाटलं तुला रंग नाय आवडला," ती म्हणाली. "म्हणून मग मी परत कधी काय दिलं नाय."

"माहीत आहे मला."

नयना वळली. पिठाने भरलेले हात तसेच धरून ती निरुपमाकडे बघत राहिली, आणि निरुपमाच्या पुढच्या वाक्याचा शेवट कुठेतरी गेला. कान तापले, बोटांनी पर्सचा पट्टा शोधला. नयनाने ते पाहिलं. एक क्षण थांबून ती पुन्हा स्टोव्हकडे वळली आणि तवा सारखा करत म्हणाली, "बोल तू. मी भाकरी बघते."

मग निरुपमा पुष्कळ बोलली. पदकाचं सांगितलं, फाटकापाशी उभ्या असलेल्या काळ्या कोटाचं सांगितलं. पत्त्यांचंही सांगितलं. चार भाकऱ्या झाल्या, पाचवी झाली, नयना एकदाही वळली नाही, मधून फक्त "हं" म्हणत राहिली. शेवटी तिने विचारलं, "आणि हे बक्षीस? याचा आनंद कधी येणार?"

"कोणाला माहीत. कदाचित येणारही नाही."

"शनिवारी जाशील स्टेजवर?"

"जाईन. पण चेहरा नाही करता येणार मला."

"चेहऱ्याचं काय ते राहू दे. तू नुसता हात पुढे कर आणि घे." नयनाने स्टोव्ह बंद केला. "पण आला की मला सांगायचं. कधी पण येवो. आमच्याकडे फोन नाय, बाजूच्या इंदिराबाईंकडे कर, त्या बोलावतात. सांगशील?"

"सांगेन," निरुपमा म्हणाली, आणि म्हणताना तिला खात्री नव्हती.

शनिवारी ती स्टेजवर गेली. नाव पुकारल्यापासून टेबलापर्यंतचं अंतर तिला नंतर कधीच आठवलं नाही. साहेब काहीतरी म्हणाले, तिने हात पुढे केला, फ्लॅश पडला. त्या फोटोत ती ओळखपत्रासाठी उभी असल्यासारखी दिसते. आत काही नव्हतं, धडधड सोडून. खाली उतरताना तिने एकदाच पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत नयना जोरजोरात टाळ्या वाजवत होती, पण तिच्याकडे न बघता, मान वर करून सभागृहाच्या छताकडे बघत. परतीच्या बसमध्ये तिने काही विचारलं नाही. खिडकीची जागा दिली आणि आपण डोळे मिटून बसली. रविवार गेला. सोमवारी कारखान्यात नेहमीप्रमाणे आधी दहा मिनिटं पाणी सोडलं, माल पांढरा उतरला. मंगळवारी नयनाने मोजमापाच्या वेळी डोळे वर करून तिच्याकडे फक्त बघितलं आणि निरुपमाने नकारार्थी मान हलवली.

बुधवारी संध्याकाळी ती कामावरून आली, चहा घेतला, आई आतल्या खोलीत सीरियल बघत होती. निरुपमा गच्चीवरून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आईच्या नऊवारीचं एक टोक दाराच्या कडीला अडकवून, दुसरं टोक धरून ती मागे मागे सरकत होती, आणि मधेच तिच्या लक्षात आलं की ती हसते आहे. पोटरीपासून काहीतरी हलकं वर चढत होतं. नळी लाल झाली होती. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या टाळ्या आत्ता ऐकू येत होत्या, एकेकाच्या वेगळ्या, प्रतापसिंहरावांचा "ताई" म्हणणारा आवाज, मागून पार्टी मागणारा तो कोण होता, बहुतेक बॉयलरवरचा. किती प्रेमाने मागितली होती त्याने पार्टी. आणि नयना, छताकडे बघून टाळ्या वाजवणारी. लुगडं हातातून सुटलं. तिची सवय अशी की आनंद आला की त्याच्यासोबत गुपचूप बसून राहायचं, तो जाईपर्यंत, आणि मग उठून कामाला लागायचं. ती खाली बसलीसुद्धा. मग उठली, पायात चपला सरकवल्या आणि आईला "आलेच" म्हणून जिना उतरली.

घरचा फोन केबलच्या खोदकामामुळे आठवडाभर मुका होता. कोपऱ्यावर पीसीओचं बूथ होतं, तीन बाजूंनी काच, आत जेमतेम एका माणसाची जागा. ती आत शिरली, इंदिराबाईंचा नंबर फिरवला, नयनाबेनना बोलवाल का, असं विचारलं. "बोलावते, धरून ठेवा," इंदिराबाई म्हणाल्या आणि रिसीव्हर कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात बाहेर एक गृहस्थ येऊन उभा राहिला, हातात डायरी. त्याच्यामागे कॉलेजातली एक मुलगी. दोघंही काचेतून आत बघू लागली, बूथमधल्या माणसाकडे बघतात तसं, किती वेळ लागेल याचा अंदाज घेत. निरुपमाचे कान तापले. तो आनंद आकसू लागलेला तिला स्पष्ट जाणवला, पोटरीतून गेला, हातांतून गेला. फोन ठेवून द्यावा, उद्या लॅबमध्ये सांगता येईल. पण उद्या तो नसेल, उद्या नुसती बातमी असेल. गृहस्थाने घड्याळ पाहिलं. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि छातीत अजून काय उरलं आहे ते बघत राहिली. थोडं होतं. अंगठ्याएवढं, पण होतं. पलीकडे इंदिराबाईंच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, मग चपला, मग धापा टाकणारा श्वास.

"कोण?"

"मी. निरुपमा."

गृहस्थाने काचेला कपाळ जवळजवळ टेकवलं होतं.

"आला," निरुपमा म्हणाली.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांब, मला बसू दे," ती म्हणाली. "हां. आता सांग. कसा आला, काय करत होती, सगळं सांग."

आणि काचेबाहेर दोन माणसं ताटकळत असताना, त्यांच्याकडे तोंड करून, निरुपमा सांगू लागली.